संघर्षानंतरची शांतता दुसऱ्या देशाकडून शिकता येते का?

१९९७ च्या मे महिन्याच्या अखेरीस उत्तर आयर्लंडमधील प्रमुख पक्षांची मंडळी दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील आर्निस्टन या लहानशा गावाजवळ एका बैठकीसाठी गेली होती. वर्णभेदाची राजवट वाटाघाटींतून कशी संपली, हे त्या वाटाघाटी ज्यांनी केल्या त्यांच्याच तोंडून ऐकावे, एवढाच या भेटीचा उद्देश होता. पण त्या वेळी, उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून वेगळे व्हावे म्हणून लढणाऱ्या आयरिश रिपब्लिकन आर्मीची शस्त्रसंधी मोडलेली होती, आणि ब्रिटनशी नाते टिकवू पाहणाऱ्या युनियनवादी पक्षांची अट अशी होती की त्या संघटनेशी जोडलेल्या शिन फेन पक्षाच्या लोकांशी आपली गाठ कुठेही पडता कामा नये. यजमानांनी ती अट पाळली. जेवणाची सोय वेगळी झाली, बसण्याउठण्याची वेगळी झाली, बैठकाही वेगळ्या झाल्या. नेल्सन मंडेला पाहुण्यांना भेटायला आले तेव्हा त्यांना दोन्ही गटांशी स्वतंत्रपणे, म्हणजे दोनदा, बोलावे लागले. माणसांना वेगवेगळ्या दारांतून आत घेणारे कायदे ज्या देशाने नुकतेच मोडीत काढले होते, त्याच देशात पाहुण्यांच्या आग्रहाखातर पुन्हा वेगळी दारे उघडावी लागली, आणि ही विसंगती तिथे उपस्थित असलेल्यांपैकी कोणाच्याही नजरेतून सुटली नाही.

त्या तीन-चार दिवसांत कोणताही करार झाला नाही, आणि होणारही नव्हता. पाहुण्यांना तिथे दिसले ते एवढेच की गोऱ्यांच्या राजवटीच्या वतीने वाटाघाटी करणारे रोल्फ मेयर आणि आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या वतीने बोलणारे सिरिल रामफोसा हे एकेकाळचे प्रतिस्पर्धी एकमेकांचे वाक्य पुरे करावे इतक्या सहजतेने जुन्या पेचप्रसंगांबद्दल बोलत आहेत. जुलैत शस्त्रसंधी पुन्हा लागू झाली आणि १० एप्रिल १९९८ रोजी उत्तर आयर्लंडमधील संघर्ष मिटवणारा गुड फ्रायडे करार झाला. आर्निस्टनमुळे करार झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण त्यामागे अनेक वर्षांची गुप्त आणि उघड बोलणी होती. पण त्या भेटीत जुळलेले धागे पुढे कामी आले, हे मात्र खरे. २००० मध्ये आयरिश रिपब्लिकन आर्मीचे शस्त्रसाठे वापरात नाहीत याची पाहणी करण्यासाठी दोन्ही बाजूंना चालतील अशी माणसे हवी होती, तेव्हा फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्टी आहतिसारी यांच्याबरोबर निवड झाली ती रामफोसा यांची. २००७ मध्ये तर चक्र उलटे फिरले. इराकमधील परस्परविरोधी गटांची बैठक फिनलंडमध्ये भरली, आणि त्यांना आपला अनुभव सांगायला मेयर व रामफोसा यांच्या शेजारी शिन फेनचे मार्टिन मॅकगिनेस बसले होते.

संघर्षातून बाहेर पडलेल्या, किंवा पडू पाहणाऱ्या, समाजांनी एकमेकांकडे जाणे-येणे आणि त्यातून शिकणे ही गेल्या चार दशकांत शांततेच्या कामाची एक नेहमीची रीत झाली आहे. अभ्यासदौरे, प्रशिक्षण शिबिरे, तज्ज्ञांची ये-जा, तरुणांच्या अदलाबदली असे तिचे अनेक प्रकार आहेत. तिच्यावर पैसा खर्च होतो, अहवाल लिहिले जातात, छायाचित्रे काढली जातात; पण तिच्यातून नेमके काय एका देशातून दुसऱ्या देशात पोहोचते, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. माझे मत असे की कसब चांगला प्रवास करते, अनुभवी माणसाने विचारलेला नेमका प्रश्नही चांगला प्रवास करतो, पण तयार रचना, म्हणजे आयोग, समित्या, कायद्याची कलमे, उचलून दुसरीकडे ठेवली की बहुधा तिचा सांगाडाच तेवढा पोहोचतो. म्हणून एखादी देवाणघेवाण यशस्वी झाली का हे पाहायचे असेल, तर पाहुण्यांनी काय उचलले यापेक्षा घरी परतल्यावर त्यांनी काय बदलले आणि काय टाकून दिले, हे पाहावे.

आधी थोडे शब्दांविषयी. नॉर्वेचे अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी १९६० च्या दशकात एक भेद मांडला, जो आजही या क्षेत्रात सर्वत्र वापरला जातो. गोळीबार थांबला, माणसे मरायची थांबली, ही झाली नकारात्मक शांतता. इथे नकारात्मक म्हणजे वाईट असा अर्थ नसून हिंसेचा अभाव एवढाच अर्थ आहे. ज्या अन्यायातून आणि ज्या व्यवस्थेतून हिंसा उपजली ती बदलू लागली, माणसांचे एकमेकांशी व्यवहार पुन्हा सुरू झाले, की ती सकारात्मक शांतता. पहिली मिळवायला सेनापती आणि पुढारी पुरतात. दुसरीला वस्त्या लागतात, कारण करारावर सही करणारे राजधानीत परत जातात आणि ज्याच्या भावाने आपल्या भावाला मारले तो शेजारी मात्र रोज त्याच रस्त्यावर भेटत राहतो. जमीन कोणाची, पळून गेलेले परत आले तर राहणार कुठे, शाळेत कोणता इतिहास शिकवायचा, बेपत्ता झालेल्या माणसाचे श्राद्ध करायचे की वाट पाहायची, हे सगळे प्रश्न करारात एखाद्या परिच्छेदात आटोपलेले असतात. वस्तीपातळीवरील शांततेचे काम म्हणजे त्या परिच्छेदाचे पुढे वीस-तीस वर्षे चालणारे काम.

यासाठी परदेशात कशाला जायचे, ही शंका रास्त आहे. तिचे एक उत्तर असे की आपल्या भांडणाबद्दल बोलताना प्रत्येक शब्दाला आधीच एक बाजू चिकटलेली असते. गावाचे नाव कोणत्या भाषेत उच्चारले, मेलेल्याला हुतात्मा म्हटले की अतिरेकी, यावरून ऐकणारा पहिल्या वाक्यालाच कान मिटतो. दुसऱ्याच्या भांडणाबद्दल बोलताना ही अडचण येत नाही. तिथली नावे आपल्याला सारखीच परकी असतात, आणि म्हणून ‘त्यांनी कैद्यांना इतक्या लवकर सोडायला नको होते’ असे म्हणता म्हणता माणूस आपल्याच देशातील कैद्यांविषयी मोकळेपणाने बोलू लागतो. दुसरे उत्तर व्यवहाराचे आहे. आपल्या गावात ज्याच्या शेजारी बसलेले कोणी पाहिले तर जिवावर बेतेल, त्याच्या शेजारी परदेशातील बसमध्ये बसता येते.

इथे दोन प्रकार वेगळे ओळखायला हवेत. पहिल्यात जे भांडले तेच एकमेकांकडे जातात. याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे फ्रान्स आणि जर्मनी. दुसरे महायुद्ध संपून पाच वर्षे होतात तोच, १९५० मध्ये, फ्रान्सचे माँबेलियार आणि जर्मनीचे लुडविग्सबुर्ग या शहरांनी जोडशहरांचे नाते जाहीर केले, आणि पुढे अशा जोड्यांची संख्या दोन हजारांच्या पुढे गेली. २२ जानेवारी १९६३ च्या एलिझे या मैत्री करारानंतर त्याच वर्षी दोन्ही सरकारांनी मिळून एक युवा कार्यालय काढले, ज्याच्या कार्यक्रमांत आजवर ९० लाखांहून अधिक तरुणांनी भाग घेतला आहे. मला यात विशेष वाटतो तो आकडा नव्हे. पैशाची तरतूद दोन्ही सरकारांच्या अंदाजपत्रकात साठ वर्षे अखंड राहिली, ही गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. याच नमुन्यावरून २०१६ मध्ये पश्चिम बाल्कनमधील सहा सरकारांनी, म्हणजे अल्बानिया, बोस्निया-हर्झेगोव्हिना, कोसोव्हो, मॉन्टेनेग्रो, मॅसिडोनिया आणि सर्बिया यांनी, तिरानात एक प्रादेशिक युवा कार्यालय उभे केले. फ्रान्स आणि जर्मनी यांना १९६३ मध्ये एकमेकांच्या सीमा मान्य होत्या. सर्बियाला कोसोव्हो देश म्हणूनच मान्य नाही, आणि तरी दोघे या कार्यालयाच्या एकाच टेबलाशी बसतात. मूळ नमुन्यात या अडचणीचे उत्तर नव्हते, ते इथल्यांनाच शोधावे लागले.

नुसते भेटल्याने मने बदलतात असे नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच सांगितले होते की दोन गटांच्या संपर्कातून पूर्वग्रह कमी व्हायचे असतील तर भेटणाऱ्यांचा दर्जा समान हवा, त्यांच्यापुढे काही समान उद्दिष्ट हवे, ते गाठायला एकमेकांचे सहकार्य लागायला हवे, आणि वरच्या अधिकाराचा त्याला पाठिंबा हवा. या अटी नसतील तर संपर्क निष्फळ ठरू शकतो, क्वचित उलटाही पडतो. आर्निस्टनला तर युनियनवाद्यांच्या अटीमुळे असा संपर्कच टाळावा लागला होता.

दुसरा प्रकार म्हणजे एका संघर्षातून गेलेल्यांनी दुसऱ्या संघर्षातील लोकांना आपले काम दाखवणे. हा लेख मुख्यतः त्याविषयी आहे, आणि त्यातील मला सर्वांत बोलकी वाटणारी साखळी हाडांची आहे.

अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ या काळात लष्करी राजवटीने हजारो माणसे बेपत्ता केली. लोकशाही परत आल्यावर न्यायालयांनी निनावी कबरी उकरण्याचे आदेश दिले, पण ते काम करणाऱ्यांना अशा उत्खननाचे शिक्षण नव्हते. यंत्रांनी माती उपसली गेली, हाडे मोडली, एकमेकांत मिसळली, आणि पुरावा मिळण्याऐवजी नष्ट होऊ लागला. १९८४ मध्ये अमेरिकेतील न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञ क्लाइड स्नो तिथे गेले. त्यांना मदत करायला प्रस्थापित तज्ज्ञ फारसे पुढे आले नाहीत, आले ते मानवशास्त्र, पुरातत्त्व आणि वैद्यक शिकणारे मोजके विद्यार्थी. कबर कशी थरांनी उघडायची, कुंचल्याने माती कशी बाजूला करायची, हाडांवरून वय, उंची आणि जुने अस्थिभंग कसे ओळखायचे, गोळीची दिशा कशी वाचायची, हे त्यांनी खड्ड्यात उतरून शिकवले. त्या विद्यार्थ्यांनी त्याच वर्षी अर्जेंटिनाचे न्यायवैद्यक मानवशास्त्र पथक स्थापन केले.

पुढच्या काळात हे पथक आपले कसब घेऊन जगभर फिरले. ग्वातेमालात, जिथे यादवीत मारले गेलेले बहुतांश लोक माया आदिवासी होते, तिथल्या तरुणांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःचे पथक उभे केले, आणि त्यांच्या प्रशिक्षणात स्नो यांच्याबरोबर दक्षिण अमेरिकेतील हे नवे तज्ज्ञ होते. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळात नाहीशा झालेल्यांचा शोध घेणाऱ्या सरकारी पथकालाही अर्जेंटिनाच्या लोकांनी साथ दिली. उत्तर अमेरिकेतून आलेला एक माणूस काही विद्यार्थ्यांना शिकवतो, ते विद्यार्थी शेजारच्या देशांना शिकवतात, आणि मग ती विद्या महासागर ओलांडून जाते. या शिकवण्यात आणखी एक गोष्ट होती जी कोणत्याही पाठ्यक्रमात सहसा येत नाही. आपल्याच शहरातील, आपल्याच वयाच्या माणसांच्या कबरी उकरलेल्या व्यक्तीला एखाद्या आईशी कसे बोलायचे, काय आश्वासन द्यायचे नाही, हे ठाऊक असते.

सायप्रसमध्ये या साखळीला वेगळे वळण मिळाले. तिथे १९६३-६४ च्या दंगलींत आणि १९७४ च्या युद्धात ग्रीक सायप्रसी आणि तुर्की सायप्रसी अशा दोन्ही समाजांची माणसे बेपत्ता झाली. अधिकृत यादीत २,००२ नावे आहेत, त्यांपैकी १,५१० ग्रीक सायप्रसी आणि ४९२ तुर्की सायप्रसी. त्यांच्या शोधासाठी दोन्ही समाजांची संयुक्त समिती १९८१ मध्येच स्थापन झाली होती, पण प्रत्यक्ष उत्खनन नियमितपणे सुरू व्हायला २००६ उजाडले. तेव्हा प्रशिक्षणासाठी अर्जेंटिनाच्या पथकाला बोलावले गेले. निकोसियाच्या जुन्या, बंद पडलेल्या विमानतळाच्या परिसरात, संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यातील पट्ट्यात, प्रयोगशाळा उभी राहिली. तिथे लांब टेबलांवर हाडे शरीराच्या क्रमाने मांडली जातात, कवटी, फासळ्या, मांडीची हाडे, पावलांचे तुकडे, आणि त्यांवर काम करणारे शास्त्रज्ञ दोन्ही समाजांचे असतात. ओळख पटल्यावर कुटुंबाला तिथे बोलावतात, अवशेष दाखवतात, ओळख कशी पटली ते समजावून सांगतात. ग्रीक सायप्रसी कुटुंबासमोर माहिती द्यायला तुर्की सायप्रसी शास्त्रज्ञ असू शकतो, आणि उलटही. आजवर एक हजाराहून अधिक जणांची ओळख पटली आहे.

आता टाकून काय दिले ते पाहा. अर्जेंटिनात हाडे हा खटल्याचा पुरावा होता. १९८५ मध्ये लष्करी प्रमुखांविरुद्ध चाललेल्या खटल्यात स्नो यांनी साक्षही दिली. सायप्रसच्या समितीला मात्र मृत्यूचे कारण ठरवण्याचा किंवा कोणाला जबाबदार धरण्याचा अधिकारच नाही. दोन्ही समाजांना एकत्र बसवण्यासाठी ही किंमत मोजली गेली, कारण दोषाचा प्रश्न आला असता तर माहिती देणारे गप्प बसले असते आणि समितीही मोडली असती. न्याय हवा असलेल्या अनेक कुटुंबांना ही तडजोड आजही मान्य नाही, आणि त्यांचे म्हणणे चूक आहे असे मला म्हणवत नाही. पण कुंचला तोच, टेबल तेच, आणि त्यामागचा हेतू जागेनुसार बदललेला, हे शिकलेल्याचे लक्षण आहे.

सत्य व समेट आयोगांची, म्हणजे जुन्या अत्याचारांची चौकशी करून नोंद ठेवणाऱ्या मंडळांची, गोष्ट याच अंगाने वाचता येते. वर्णभेद संपत असताना, १९९४ मध्ये, पुढे दक्षिण आफ्रिकेच्या आयोगाचे उपाध्यक्ष झालेले ॲलेक्स बोरेन यांनी केप टाउनमध्ये चर्चा घडवून आणल्या, ज्यांत पूर्व युरोप आणि दक्षिण अमेरिकेतील अनुभवी लोक आले होते. चिलीच्या आयोगाचे सदस्य होसे सालाकेत त्यांत होते. चिलीच्या १९९०-९१ च्या आयोगाने साक्षी बंद दाराआड घेतल्या, गुन्हेगारांची नावे जाहीर केली नाहीत, आणि लष्कराने स्वतःला आधीच माफी देऊन ठेवली होती. दक्षिण आफ्रिकेने हे सर्व नीट ऐकून घेतले आणि जवळजवळ प्रत्येक बाबतीत उलटे केले. १५ एप्रिल १९९६ रोजी ईस्ट लंडन शहराच्या सभागृहात पहिली सुनावणी झाली ती सर्वांसमोर, आकाशवाणी आणि दूरचित्रवाणीच्या उपस्थितीत. माफी सरसकट न देता, ज्याने राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्याची संपूर्ण कबुली दिली त्यालाच ती मिळेल असे ठरले. सुमारे ७,००० अर्ज आले आणि त्यांपैकी मंजूर झाले साडेआठशेच्या आसपास. २१,००० हून अधिक पीडितांच्या जबान्या नोंदल्या गेल्या.

या आयोगाची ख्याती इतकी झाली की त्यानंतर संघर्षातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक देशाला असा एक आयोग हवाच असे वाटू लागले. तिथेच गफलत सुरू होते. नेपाळमध्ये माओवाद्यांचा सशस्त्र संघर्ष नोव्हेंबर २००६ च्या सर्वंकष शांतता करारानंतर थांबला. त्या करारातच अशा आयोगाचे वचन होते, पण त्यासाठीचा कायदा व्हायला २०१४ साल उजाडले आणि त्यात गंभीर गुन्ह्यांनाही माफी मिळू शकेल अशी तरतूद आली, जी पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केली. दक्षिण आफ्रिकेच्या माफीमागची कबुलीची अट हे त्या योजनेचे हृदय होते. ते वगळून माफी तेवढी घ्यावी असे दोन्ही बाजूंच्या सत्ताधाऱ्यांना वाटणे स्वाभाविक होते, कारण आयोग कोणाच्या सोयीचा हे शेवटी तो स्थापन करणारेच ठरवतात.

स्थानिक शांतता समित्यांचेही असेच झाले. दक्षिण आफ्रिकेत १४ सप्टेंबर १९९१ च्या राष्ट्रीय शांतता करारानुसार वस्त्यावस्त्यांत समित्या निघाल्या, ज्यांत पक्षांबरोबर चर्च, कामगार संघटना, व्यापारी आणि पोलीसही बसत. त्यांनी हिंसा थांबवली असे म्हणता येणार नाही, त्या काळात राजकीय हिंसाचारात हजारो माणसे मेली. पण मोर्चा कोणत्या रस्त्याने जाणार, अंत्ययात्रेच्या वेळी पोलीस किती अंतरावर उभे राहणार, अशा गोष्टी ठरवून त्यांनी अनेक ठिकाणी रक्तपात टाळला. नेपाळने जिल्ह्याजिल्ह्यांत अशाच समित्या स्थापन केल्या. मात्र तिथे जागा प्रामुख्याने राजकीय पक्षांनी वाटून घेतल्या, आणि काठमांडूत पक्षांचे बिनसले की जिल्ह्यातील समितीचे कामही अडत असे. समितीचे नाव आणि तिची रचना पोहोचली होती; पक्षाबाहेरच्या माणसांना त्या टेबलापाशी वजन का द्यायचे, हे पोहोचले नव्हते.

उलट बाजूचे उदाहरण केनियाच्या ईशान्येतील वजीर जिल्ह्याचे आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे सोमाली कुळांमध्ये रक्तपात सुरू होता. काही स्त्रियांनी, ज्यांत देखा इब्राहिम अब्दी होत्या, कामाला सुरुवात बाजारापासून केली, कारण बाजारात कोणत्या कुळाची बाई कोणाकडून दूध घेणार हाच त्या वेळी धोक्याचा प्रश्न झाला होता. बाजार सर्व कुळांतील स्त्रियांसाठी खुला राहील असे ठरवून त्यांनी त्यावर रोज लक्ष ठेवले. नंतर त्या वडीलधाऱ्यांकडे गेल्या, मग तरुणांकडे, मग सरकारी अधिकाऱ्यांकडे, आणि १९९५ मध्ये या सगळ्यांना सामावणारी समिती जिल्हा प्रशासनाचा भाग झाली. ही पद्धत पुढे केनियाच्या इतर भागांत गेली, आणि देखा यांनी ती अनेक देशांतील प्रशिक्षणांत सांगितली. त्या समितीचा आराखडा कागदावर काढला तर तो अगदी साधा दिसतो. तो कसा तयार झाला, म्हणजे आधी कोणाकडे जायचे आणि कोणाला दुखवायचे नाही, हे देखा यांच्या तोंडून ऐकताना कळत असणार, कागदावरून नव्हे.

पश्चिम आफ्रिकेत शिकण्याला संस्थेचे रूप मिळाले. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या ईस्टर्न मेनोनाइट विद्यापीठात १९९४ पासून उन्हाळ्यात शांतताकार्याचे वर्ग भरू लागले. तिथे शिकलेल्या सॅम डो आणि इमॅन्युएल बोंबांडे यांनी १९९८ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील शांतता संघटनांचे जाळे उभे केले, ज्याचे मुख्यालय घानाची राजधानी अक्रा इथे आहे. त्या जाळ्यातून २००१ मध्ये स्त्रियांचे स्वतंत्र जाळे निघाले, आणि त्याच्या लायबेरियातील कामाच्या प्रमुख होत्या लेमा ग्बोवी. २००३ मध्ये लायबेरियातील यादवी थांबावी म्हणून राजधानी मन्रोव्हियातील रस्त्याकडेच्या मैदानात ख्रिस्ती आणि मुस्लीम स्त्रिया पांढरे कपडे घालून आठवडेच्या आठवडे उन्हापावसात बसून राहिल्या. वाटाघाटी अक्रात लांबत चालल्या तेव्हा त्यांच्यातील काही जणी तिथे गेल्या आणि सभागृहाच्या दाराशी ठिय्या देऊन, तोडगा निघेपर्यंत कोणी बाहेर जायचे नाही, असे बजावले. १८ ऑगस्ट २००३ रोजी करारावर सह्या झाल्या. ग्बोवी यांना २०११ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. व्हर्जिनियातील वर्गात दाराशी ठिय्या देण्याचा धडा नव्हता. वर्गाने तिथल्या लोकांना एकमेकांची ओळख, काही शब्द आणि थोडी हिंमत दिली, बाकीचे मन्रोव्हियाचे होते. २०११ च्या लायबेरियातील निवडणुकीत हिंसा टाळण्यासाठी स्त्रियांनी जो परिस्थिती कक्ष, म्हणजे तणावाच्या बातम्या गोळा करून लगेच मध्यस्थी करणारे केंद्र, चालवला, तो लवकरच सेनेगल, सिएरा लिओन आणि २०१३ मध्ये केनियाने आपापल्या परीने उभा केला.

कधीकधी एका प्रश्नासाठीच प्रवास घडतो. कोलंबियाचे सरकार आणि फार्क बंडखोर यांच्या हवानातील वाटाघाटींत स्त्रियांच्या प्रश्नांसाठी उपसमिती नेमली गेली, तेव्हा दक्षिण आफ्रिका, उत्तर आयर्लंड, एल साल्वाडोर, ग्वातेमाला अशा देशांतील माजी स्त्री बंडखोरांना तिथे बोलावले गेले. शस्त्र खाली ठेवल्यावर पुरुषांना वीर म्हणून गावात जागा मिळते, स्त्रियांना मिळते का, लढताना मिळालेली बरोबरी शांततेत टिकते का, हे प्रश्न त्यांनी स्वतः जगून पाहिले होते. ऐकणाऱ्या फार्कच्या स्त्रियांसाठी ते अजून पुढ्यात यायचे होते.

असे प्रवास बिघडतात ते बहुधा चारच कारणांनी, आणि ती सगळी ओळखीची आहेत. पैसा देणाऱ्याला वर्षाच्या आत दिसणारे फळ हवे असते, म्हणून चार दिवसांत सहा संस्था दाखवणारे दौरे आखले जातात, ज्यांत पाहुण्यांना बसच्या खिडकीतून शांतता दिसते. इंग्रजी येणारे, पारपत्र असलेले, अहवाल लिहू शकणारे तेच ते लोक प्रत्येक दौऱ्यात असतात, आणि ज्या वस्तीत खरोखर तंटा धुमसतो तिथला माणूस व्हिसापाशीच अडतो. यजमान आपल्या यशाची गोष्ट इतक्या वेळा सांगतात की तिची धार जाते आणि अपयश तिच्यातून गळून पडते. आणि परतल्यावर काय, याचा विचार कोणी केलेला नसतो. परदेशात शत्रुपक्षाच्या माणसाबरोबर जेवून आलेल्या तरुणाकडे गावातले लोक संशयाने पाहू लागतात, आणि त्याच्या पाठीशी तेव्हा कोणी नसते. हे चौथे कारण मला सर्वांत गंभीर वाटते, कारण पहिली तीन पैशाची नासाडी करतात, हे मात्र माणसाला धोक्यात घालते.

चांगले आखलेले काम म्हणूनच संथ असते. जाण्याआधी पाहुणे आपापल्या गटात, आणि शक्य असेल तर एकत्र, आपले प्रश्न लिहून काढतात. एका देशातून विरुद्ध बाजूंचे लोक एकत्र नेले जातात, म्हणजे परतल्यावर एकाच बाजूवर फितुरीचा आरोप येत नाही. दुभाषे चांगले आणि पुरेसे असतात, कारण ज्याला थकून वाक्ये गाळावी लागतात त्याच्या हातून सर्वांत आधी गळतो तो संकोचाने विचारलेला प्रश्न. अधिकृत सत्रांइतकाच वेळ जेवणाला, चालण्याला, बसच्या प्रवासाला राखून ठेवलेला असतो. सहा महिन्यांनी यजमान उलट भेटीला येतात, आणि ही उलट भेट बहुतेक वेळा पहिल्या भेटीपेक्षा अधिक शिकवते, कारण आता शिक्षकाला विद्यार्थ्याच्या घरातील अडचणी दिसतात आणि आपला सल्ला तिथे किती लागू पडतो हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे लागते.

उत्तर आयर्लंड आज यजमान म्हणून फार मागणीत आहे. तिथल्या तीस वर्षांच्या हिंसाचारात साडेतीन हजारांहून अधिक माणसे मेली. संघर्षाच्या काळातच, १९८६ मध्ये, ब्रिटन आणि आयर्लंड यांनी अमेरिकेसह इतर देशांच्या मदतीने वस्त्यांतील कामासाठी एक आंतरराष्ट्रीय निधी सुरू केला, आणि १९९५ पासून युरोपीय संघानेही तिथे सातत्याने पैसा ओतला. बेलफास्टमध्ये येणाऱ्या पाहुण्यांना राजकीय पदभ्रमंती घडवणारे काही वाटाडे माजी कैदी आहेत. रिपब्लिकन, म्हणजे आयर्लंडच्या बाजूच्या, वस्तीतून एक माजी रिपब्लिकन कैदी पाहुण्यांना त्याच्या बाजूची हकिगत सांगत दोन वस्त्यांमधल्या भिंतीपर्यंत आणतो, तिथे लॉयलिस्ट, म्हणजे ब्रिटनच्या, बाजूचा माजी कैदी पुढची जबाबदारी घेतो, आणि त्याच रस्त्यांची अगदी दुसरी हकिगत सुरू होते. दोन्ही हकिगती एकमेकांत मिसळलेल्या नाहीत. त्या एकामागून एक ऐकाव्या लागतात.

वस्त्यांना वेगळे करणाऱ्या या भिंतींपैकी पहिल्या १९६९ मध्ये तात्पुरत्या म्हणून उभ्या राहिल्या होत्या, आणि करारानंतरही त्यांच्यात भर पडत राहिली. २०१३ मध्ये तिथल्या सरकारने त्या सर्व २०२३ पर्यंत काढून टाकण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. ते साल उलटून गेले आहे आणि भिंती अजून आहेत. काही ठिकाणी त्यांतील फाटके संध्याकाळी बंद होतात. लांबून शांतता शिकायला आलेला माणूस त्या फाटकापाशी उभा राहून, करार होऊन इतकी वर्षे झाली तरी हे का, असे विचारतो. भिंतीलगत राहणाऱ्या अनेकांना ती अजून हवी आहे, आणि का हवी आहे, हे त्याला समजावून सांगताना यजमानांना आपलेच उत्तर पुन्हा तपासावे लागते.